सातलाच का बंद पडतो फ्रीजर?

म्हापशात आमच्या मामांचं फ्रोझन मासळीचं दुकान आहे, तिथला डीप फ्रीजर मे महिन्यात रोज संध्याकाळी सातला बंद पडायचा. एक टेक्निशियन पोरगा दोनदा येऊन गेला, गॅस बघितला, थर्मोस्टॅट बदलला, बिल घेतलं, फ्रीजर परत सातला गप्प. मग जुने इलेक्ट्रिशियन अण्णा आले. काहीच खोललं नाही, कॉम्प्रेसरला कान लावला आणि विचारलं, "सातांकच कित्याक?" बाजूच्या गेस्ट हाऊसचे सगळे एसी त्याच वेळी चालू व्हायचे, व्होल्टेज पडायचं, आणि व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त खेचते, तापते, ट्रिप होते. स्टॅबिलायझर लावला, विषय संपला.

मामा म्हणाले, अण्णांचं डोकंच वेगळं. हे मला पटत नाही.

१५१०१९६११९८७ हा नंबर एकदा वाचून, डोळे मिटून म्हणून बघा. जमत नाही ना? आता गोंयकाराच्या नजरेने बघा: १५१० पोर्तुगीज आले, १९६१ मुक्ती, १९८७ घटकराज्य. बारा आकड्यांचे तीन गठ्ठे झाले, मेमरी तेवढीच राहिली. याला चंकिंग म्हणतात. आपण डोक्यात एका वेळी फार थोडं धरू शकतो, मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये साधारण सात म्हटलं, नेल्सन कोवनने २००१ मध्ये ते चारवर आणलं, पण मोजायचे ते गठ्ठे, आणि एकेका गठ्ठ्यात किती मावेल ते कायमच्या स्मृतीत आधी काय साठलंय त्यावर ठरतं, म्हणजे वर्किंग मेमरीत (डोक्यात त्या क्षणी जे धरलंय त्यात) नुसता पत्ता असतो, माल गोदामात.

१९७३ मध्ये विल्यम चेस (आडनाव खरंच चेस!) आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना बुद्धिबळाचा पट पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातल्या सोंगट्या मास्टरने सोळाच्या आसपास बरोबर मांडल्या, नवख्याने चारेक. मग त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, तर मास्टरही नवख्याच्याच रांगेत!

अण्णांचंही तेच. 'सात वाजता', 'टक् करून बंद', 'मे महिना' हे पोराला तीन सुटे आकडे, अण्णांना एकच ओळखीचा डाव. मामा मात्र व्यापारात बुद्धी चालावी म्हणून बोटात पन्ना घालतात आणि गल्ला उत्तरेकडे वळवून बसलेत, फ्रीजर त्याच गल्ल्याला चिकटून बंद पडत होता ते सोडा.

गेल्या महिन्यात मामांनी नवा इन्व्हर्टरवाला फ्रीजर घेतला, तो अडला. अण्णांनी परत कान लावला, आतल्या सर्किट बोर्डाकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "त्या पोराला फोन लावा."