वॉरहॉल, आईचे अक्षर आणि ‘नामंजूर’चा शिक्का

१९६५ सालची लाल आत्मचित्रे खरोखर वॉरहॉलची मानायची की नाही, हा वाद समजून घ्यायचा तर १९५० च्या दशकातला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल आधी पाहावा लागतो. जाहिरातींसाठी बुटांची चित्रे काढणारा हा तरुण तेव्हा अक्षरलेखन आईवर सोपवत असे. तिचे इंग्रजी कच्चे, स्पेलिंग चुकलेले, पण अक्षर नक्षीदार. कितीतरी चित्रांवर ‘अँडी वॉरहॉल’ ही सहीसुद्धा तिच्याच हातची आहे.

ती आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा गावची. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जुन्या डब्यांच्या पत्र्याची फुले करून विकायची. आठ वर्षांच्या मुलाला हातपाय आपोआप झटकणारा आजार झाला, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या पोराला चित्रांची पुस्तके आणि सिनेमाची मासिके तिनेच पुरवली. रविवारी पूर्वेकडच्या रीतीचे कॅथलिक चर्च. तिथे समोर संतप्रतिमांची ओळीने मांडलेली भिंत. १९६२ मध्ये सोनेरी पृष्ठभूमीवर एकटा सिनेनटी मरिलिन मन्रोचा चेहरा आला, त्याचे मूळ जाहिरातींइतकेच या भिंतीत आहे. समीक्षकांनी ते फार उशिरा मान्य केले. १९५२ च्या सुमारास आई न्यूयॉर्कला आली आणि जवळपास वीस वर्षे त्याच्याच घरात राहिली.  

हात बाजूला ठेवण्याची सवय तंत्रातही होती. शाई न शोषणाऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचे, त्याला शोषणारा कागद चिकटपट्टीने बिजागरीसारखा जोडायचा. रेषेवर बोटभर लांबीपुरतीच शाई फिरवायची, ओली असतानाच दुसरा कागद वर दाबायचा, मग पुढचा तुकडा. एकदम जास्त रेषा ओढली तर शाई वाळते आणि ठसा उठत नाही. बरोबर जमले तर मण्यामण्यांची तुटक रेषा मिळते, आणि मूळ चित्रावरून हव्या तितक्या प्रती निघतात.

१९६२ च्या उन्हाळ्याअखेर त्याने फोटोवरून स्क्रीन छपाई (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणे) सुरू केली, तीही याच वाटेने. फोटो बाहेरच्या कारागिराकडे द्यायचा, तो पारदर्शक फिल्मवर मोठा करून जाळी बनवायचा. फिल्म कॅनव्हासवर ठेवून ओठ, केस, पापण्यांच्या जागा आखायच्या, ते भाग हाताने रंगवायचे, वाळल्यावर जाळी ठेवून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, काळी शाई ओढायची. शाई जास्त झाली की चेहरा काळवंडतो, जाळी तुंबली की पुसट होतो, जाळी जरा सरकली की ओठांचा रंग गालावर जातो. हे दोष त्याने ठेवले. १९६३ पासून स्क्वीजी ओढायला मदतनीसही होता.

आता ती लाल चित्रे. १९६४ च्या आत्मचित्राची फिल्म त्याने एका मासिकाच्या प्रकाशकाला दिली आणि प्रकाशकाने ती बाहेरच्या छापखान्यात छापून घेतली. छपाईच्या वेळी वॉरहॉल तिथे नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर, १९९५ मध्ये, अस्सलपणा ठरवणारे मंडळ स्थापन झाले. या मंडळाने त्या चित्रांना ‘वॉरहॉलची कृती नव्हे’ म्हटले आणि मागच्या बाजूला ‘नामंजूर’चा शिक्का मारला. त्यांतले एक चित्र वॉरहॉलने स्वतः सही करून, नाव घालून आपल्या स्वित्झर्लंडमधल्या विक्रेत्याला दिले होते. तेही नाकारले गेले. ‘त्याचा हात’ ही कसोटी त्याच्याच बाबतीत लावणे म्हणजे विहिरीचे पाणी गाळून मासे शोधण्यासारखे. हेतू, परवानगी आणि देखरेख या तीन वेगळ्या गोष्टी मंडळाने एकाच शब्दात कोंबल्या, असे माझे मत.

अशा एका चित्राच्या मालकाने २००७ मध्ये मंडळाविरुद्ध दावा लावला. पैसे संपल्यावर २०१० मध्ये तो मागे घेतला. वकिलांवरचा खर्च वाढत गेला आणि २०१२ च्या सुमारास मंडळच गुंडाळले गेले. शिक्के मात्र कॅनव्हासच्या पाठीवर आहेतच.