भावनिक प्रतिमा आणि मेंदू

भीती, किळस, माया, शोक यांसारखी भावना जागवणारे चित्र, छायाचित्र किंवा चेहरा डोळ्यांसमोर आला की मेंदूत काय घडते, याचा अभ्यास चेताविज्ञान आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांत होतो. मेंदू आधी चित्र नीट पाहतो, ओळखतो आणि मग त्यावर भावना उमटते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. भावना पाहण्याच्या क्रियेतच शिरते. नजर कुठे खिळावी, कोणता तपशील ठळक दिसावा, पुढे काय लक्षात राहावे, हे ती पहिल्या अर्ध्या सेकंदातच ठरवू लागते.

दृष्टिपटलावरून निघालेले संदेश मेंदूच्या मध्यावरील थॅलॅमस या भागातून डोक्याच्या मागच्या भागातील प्राथमिक दृक्‌क्षेत्रात पोहोचतात. तिथून कानशिलाच्या आतल्या शंखखंडाकडे जाणाऱ्या वाटेवर रंग, आकार, वस्तू अशी ओळख पटत जाते. चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा भाग याच वाटेवर आहे. नॅन्सी कॅनविशर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढला तर चेहरा दिसल्यापासून साधारण १७० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर दिसते. भावनिक आणि साध्या चित्रांतला फरक २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या सुमारास स्पष्ट होऊ लागतो. त्यानंतर येणारी एक धन लहर भावनिक चित्र पाहताना उंचावते आणि बराच वेळ टिकते. अपघाताचे छायाचित्र असो की हसऱ्या बाळाचे, ती दोन्हीला उंचावते. चित्र सुखद की दुःखद यापेक्षा ते किती हलवून सोडते, याच्याशी तिचा संबंध अधिक आहे.

या प्रक्रियेत सर्वाधिक चर्चा होते ती ॲमिग्डालाची. शंखखंडात दोन्ही बाजूंना खोलवर असलेला हा बदामाच्या आकाराचा भाग दृक्‌क्षेत्रांकडून माहिती घेतो आणि त्यांना उलट संदेशही पाठवतो. २००४ मध्ये पॅट्रिक व्हूयमिए व सहकाऱ्यांनी ॲमिग्डालाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. निरोगी माणसाला भेदरलेला चेहरा दाखवला की त्याचे चेहरे ओळखणारे क्षेत्र जास्त सक्रिय होते. या रुग्णांत ती वाढ दिसली नाही. त्यांचे दृक्‌क्षेत्र शाबूत होते, पण ‘इकडे नीट बघ’ असे त्याला सांगणारा भाग उरला नव्हता.

‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्ण महिलेच्या दोन्ही ॲमिग्डाला एका दुर्मीळ आजाराने निकामी झाल्या होत्या. १९९४ मध्ये राल्फ ॲडॉल्फ्स, डॅनियल ट्रॅनेल आणि दामासिओ दांपत्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. याचे कारण २००५ मध्ये अधिक स्पष्ट झाले: ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती, आणि भीती मुख्यतः विस्फारलेल्या डोळ्यांतच दिसते. ‘डोळ्यांकडे बघा’ असे सांगितल्यावर तिला भीती ओळखता येऊ लागली. भावनेचा पाहण्याशी असलेला संबंध याहून नेमका दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

म्हणूनच ॲमिग्डालाला ‘भीतीचे केंद्र’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. आनंदी, नवख्या, महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींनाही ती प्रतिसाद देते. चेताशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी मांडलेली, थॅलॅमसमधून थेट ॲमिग्डालाकडे जाणाऱ्या जवळच्या वाटेची कल्पना लोकप्रिय झाली. पण तिचा भक्कम पुरावा मुख्यतः उंदरांच्या श्रवणावरील प्रयोगांतून आलेला होता. माणसाच्या दृष्टीला ती जशीच्या तशी लावण्यावर लुइझ पेसोआ आणि ॲडॉल्फ्स यांनी २०१० मध्ये आक्षेप घेतला. त्यांच्या मते एकच आडवाट नसून एकाच वेळी चालू असलेल्या अनेक वाटा आहेत. माणसाच्या मेंदूतील एकेक जोडणी तपासणे अवघड असल्याने या विषयाचा मोठा आधार प्राण्यांवरील संशोधनच आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट भावनांमागील चेताजालांचा असाच अभ्यास करतो.

या ज्ञानाचा मुंबईतला सर्वांत लक्षणीय वापर प्रयोगशाळेत नव्हे, हार्बर मार्गावर वडाळ्याला झाला. रूळ ओलांडताना होणारे मृत्यू हे उपनगरी रेल्वेचे जुने दुखणे. सूचनाफलक आणि उद्‌घोषणा यांच्याकडे लोक लक्ष देत नव्हते. २००९-१० च्या सुमारास फायनलमाईल या मुंबईतील वर्तनशास्त्रीय सल्लागार संस्थेने मध्य रेल्वेसाठी तिथे तीन उपाय केले. रुळांखालचे आडवे स्लीपर पिवळे रंगवले, कारण मोठी वस्तू प्रत्यक्ष वेगापेक्षा हळू येताना भासते आणि रंगीत पट्ट्यांमुळे गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येतो. मोटरमनची शिट्टी एका लांब सुराऐवजी तुटक केली. आणि लोक रूळ ओलांडतात तिथे गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची तीन छायाचित्रे ओळीने लावली. त्यांत रक्त नव्हते, आकडे नव्हते, उपदेशही नव्हता. वाचता न येणाऱ्याला आणि घाईत असणाऱ्यालाही तो भेदरलेला चेहरा एका नजरेत कळत होता. प्रयोगानंतर तिथले मृत्यू घटल्याच्या बातम्या आल्या. तिन्ही उपाय एकत्र केल्यामुळे छायाचित्रांचा वाटा वेगळा काढता येत नाही, पण चेहऱ्याची निवड शास्त्राला धरून होती, हे नक्की.

प्रयोगशाळेत अशा अभ्यासासाठी फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग व मार्गारेट ब्रॅडली यांच्या पुढाकाराने तयार झालेला चित्रसंच जगभर वापरतात. प्रत्येक चित्र किती सुखद आणि किती क्षोभक आहे, याची १ ते ९ अशी श्रेणी त्यात दिलेली असते. शरीरही साक्ष देते: तळहाताला सूक्ष्म घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात, अप्रिय चित्र पाहताना हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात. मात्र मूळ श्रेणी अमेरिकी विद्यार्थ्यांनी दिलेल्या आहेत. नागपंचमीला नागाची पूजा करणाऱ्या घरातल्या माणसाला फणा काढलेला नाग जितका भीतिदायक, तितकाच वंद्यही असू शकतो. त्यामुळे इथल्या माणसांकडून श्रेणी घेतल्याशिवाय हे आकडे जसेच्या तसे वापरू नयेत.

भावनिक प्रतिमा स्मृतीत खोल रुजते. १९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅक्‌गॉ व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना स्लाइड दाखवत एक गोष्ट सांगितली. गोष्टीच्या मध्यावर एका मुलाला भीषण अपघात होतो. आठवड्यानंतर तोच भाग सर्वांत चांगला आठवला. मात्र आधी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्यांना तो विशेष आठवला नाही, कारण हे औषध नॉरॲड्रिनॅलिन या मेंदूतील द्रव्याचा परिणाम अडवते. क्षोभाच्या वेळी हेच द्रव्य ॲमिग्डालामार्फत हिप्पोकॅम्पस या स्मृती घडवणाऱ्या भागातील आठवण पक्की करते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून जवळपास ६० तास मुंबईने घरोघरी टीव्हीवर हल्ला पाहिला. ताजच्या घुमटाजवळचा धूर असंख्य मुंबईकरांना आजही स्पष्ट आठवतो. पण स्पष्टपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. अशा आठवणींतला मधला भाग ठसठशीत राहतो, कडेचे तपशील बदलत जातात आणि खात्री मात्र टिकून असते. वारंवार पाहण्याची किंमतही असते. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक काळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांत, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण आढळला.

प्रतिसाद बदलताही येतो. कपाळामागचा अग्रखंड चित्राचा अर्थ नव्याने लावतो, तेव्हा ॲमिग्डालाची सक्रियता घटते. केव्हिन ऑक्स्नर व जेम्स ग्रॉस यांनी २००२ मध्ये हे दाखवले. सरावानेही असेच घडते. तैवानमध्ये २००७ च्या एका अभ्यासात, शरीरात सुई टोचतानाची दृश्ये पाहून सामान्य माणसांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित भाग सक्रिय झाले. ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांत ते तसे झाले नाहीत, त्यांचा अग्रखंड कामाला लागला. वॉर्डातल्या जुन्या परिचारिकेला निष्ठुर समजणाऱ्या नातेवाइकांनी हे जाणून घ्यायला हवे.

तंबाखूच्या पुडीवरील इशारा हा या विषयाचा रोज दिसणारा भाग. २००९ मध्ये भारतात चित्ररूप इशारे आले, तेव्हा धूरविरहित तंबाखूवर विंचू छापला होता. विंचू प्रतीक होता. त्याचा आपल्या तोंडाशी संबंध जोडायला विचार करावा लागे. पुढे त्याजागी मुखकर्करोगाने विद्रूप झालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे आली आणि एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला. एकच चित्र वारंवार पाहिले की ॲमिग्डालाचा प्रतिसाद ओसरतो, त्यामुळे ठरावीक काळाने ही छायाचित्रे बदलणे आवश्यक ठरते.