यूआरएस आणि आरआयआरएस: साडूची दुर्बीण वेगळी, मेहुण्याची वेगळी

मुतखडा दुर्बिणीने काढला म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला, किती खर्च आला, आणि मग सुरू होतं की आमच्या साडूचं पण दुर्बिणीनेच झालं, बऱ्याच कमी पैशात झालं, तुम्हाला लुटलं. माझ्या मेहुण्याच्या वेळी घरात हेच रामायण. साडूचं होतं यूआरएस, म्हणजे सरळ दुर्बिणीचं, मेहुण्याचं आरआयआरएस, म्हणजे वळणाऱ्या दुर्बिणीचं. दोन्ही लघवीच्या वाटेनेच जातात, चिरा नाही टाका नाही, लेझर दोन्हीकडे, त्यामुळे लोक एकच समजतात.

खरा प्रश्न खडा बसलाय कुठे. किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी, युरेटर, साधारण 25 ते 30 सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर. त्यातही तीन जागा अजून अरुंद, किडनीतून निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. 5 मिलिमीटरच्या आतला खडा बरेचदा आपोआप पडतो (श्रेय कुळथाच्या पाण्याला जातं, जाऊ दे), मोठा असला की यातल्याच एखाद्या जागी अडकतो.

साडूचा अडकला होता अगदी खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी. तिथे यूआरएसची दुर्बीण सरळ पोचते, ती धातूची, बारीक लांब सळईसारखी, जराशी लवते पण वळत नाही. लेझरने खडा फोडला, तुकडे चिमट्याने काढले, झालं.

मेहुण्याचा 9 मिलिमीटरचा, पार वर किडनीजवळ. तिथे ही सळई नेणं अवघड, आणि समजा नेली तरी नीट दिसावं म्हणून आत सलाइन सोडत असतात, त्याच्या दाबाने खडा सटकतो आणि थेट किडनीत पळतो. मग लागते वळणारी दुर्बीण, तेच आरआयआरएस. हातातली कळ दाबली की तिचं टोक आकडीसारखं मागे वळतं, साधारण 270 अंशांपर्यंत, म्हणजे किडनीच्या खालच्या कप्प्यातही डोकावता येतं. ही दुर्बीण नाजूक, महाग, आणि बिल तिथेच फुगतं. कधीकधी सुरुवात यूआरएसने होते आणि खडा पळाला म्हणून शेवट आरआयआरएसने, त्यामुळे सहीच्या कागदावर दोन्ही नावं दिसली तर दचकू नका. खडा किडनीतच आणि 2 सेंटीमीटरच्या वर असेल तर मात्र सहसा पाठीतून छोटं छिद्र पाडून काढतात, आणि बाहेरून धक्के देऊन फोडतात ते तर अजून वेगळंच, त्यात दुर्बीण नसतेच.

मेहुण्याचं पहिल्या दिवशी झालंच नाही. नळी इतकी घट्ट की दुर्बीण शिरेना, डॉक्टरांनी नुसता स्टेंट, म्हणजे युरेटरच्या आत काही दिवस ठेवायची बारीक पोकळ नळी, टाकला आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. घरचे म्हणाले ऑपरेशन फसलं. पण स्टेंटने नळी सैल पडते, मग दुर्बीण आरामात जाते, जबरदस्ती केली तर नळीच फाटायची. आणि खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला तर कुठल्याच दुर्बिणीने तो फोडत बसत नाहीत, आधी तुंबलेली लघवी बाहेर काढायची, खडा नंतर, अशा वेळी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

खडा फोडून झाल्यावरही दोन्हीत बरेचदा स्टेंट ठेवतात, आणि त्रास खरा त्याचाच. सारखी लागते, लाल होते, लघवी करताना कमरेत कळ जाते. हे चालतं, पण तो काढायचा असतो, महिनोन्‌महिने विसरला की त्याच्यावरच खडे धरतात. बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘यांची नळी’.