खालसा मुलूख आणि संस्थानी मुलूख: बेळगाव परिसरातील इंग्रजी सत्तेची दोन रूपे

बेळगाव, रायबाग, रामदुर्ग या भागांत जुन्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: "आमचे गाव संस्थानात होते, तिथे इंग्रजांचे राज्य नव्हते." असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या आजोबांनी शेतसारा राजेसाहेबांच्या खजिन्यात भरला, मामलेदारही राजेसाहेबांचाच पाहिला आणि गोरा कलेक्टर त्यांच्या गावात कधी आलाही नसेल. तरीही हे वाक्य अपुरे आहे. खालसा मुलूख (थेट इंग्रजी अमलाखालचा) आणि संस्थानी मुलूख यांत फरक होता आणि तो रयतेच्या रोजच्या जगण्याला भिडणारा होता. परंतु एक गुलाम आणि दुसरा स्वतंत्र, असा तो मुळीच नव्हता.

आजच्या बेळगाव शहरातच या दोन्ही मुलुखांची शीव होती. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. किल्ला, छावणी आणि शहर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. त्याला लागून असलेले शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिले. त्यामुळे शहापूरच्या पेठेतला विणकर किंवा सराफ बेळगावात आला की चालता चालता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत असे. रायबाग कोल्हापूर दरबारचे होते आणि रामदुर्गचे भावे यांचे संस्थान वेगळेच होते. नकाशावर हा सारा प्रदेश ठिगळांचा दिसे.

खालसा मुलखात सत्ता थेट होती. धारवाडच्या कलेक्टरीतून 1836 मध्ये बेळगाव जिल्हा वेगळा झाला आणि पुढे रयतवारी पद्धतीने शेतन् शेत मोजून, जमिनीचा मगदूर ठरवून तीस वर्षांसाठी सारा बांधला गेला. सारा रोखीत द्यायचा असल्याने पीक बुडाले तरी हप्ता चुकत नसे, आणि जमीन गहाण टाकता, विकता येऊ लागल्यामुळे सावकाराची पकड घट्ट झाली. 1876 ते 1878 च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि कलादगी या जिल्ह्यांनी जे सोसले, ते केवळ पावसाने पाठ फिरवल्यामुळे नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुष्काळ सोसण्याची ताकदच त्याआधी कुणब्याच्या हातून काढून घेतली गेली होती.

संस्थानी मुलखात हीच सत्ता आडून चाले. तह करून संस्थानिकाची गादी राखली गेली. परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि तह यांचा अधिकार मात्र त्याच्याकडे उरला नाही. पटवर्धनांनी सुरुवातीला सरकारला स्वार पुरवायचे होते, नंतर त्याऐवजी रोख रक्कम द्यायची ठरली. दरबारावर नजर ठेवायला पोलिटिकल एजंट असे. गादीवर अल्पवयीन वारस आला की कारभार इंग्रज अधिकाऱ्याकडे जाई. सांगलीत 1901 नंतर हेच घडले. सर्वांत मोठी मेख दत्तकाच्या मंजुरीत होती. औरस पुत्र नसलेल्या संस्थानिकाचे राज्य पुढे चालणार की खालसा होणार, हे अखेर इंग्रज ठरवत.

कित्तूरचे उदाहरण या ठिकाणी फार बोलके आहे. 1824 मध्ये तिथले संस्थानिक देसाई निपुत्रिक वारल्यावर त्यांचा दत्तक नामंजूर झाला आणि धारवाडच्या थॅकरेने खजिन्यावर पहारे बसवले. हा थॅकरे एकाच वेळी कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट होता. म्हणजे थेट राज्य करणारा आणि आडून राज्य करणारा माणूस एकच. त्या ऑक्टोबरात तो लढाईत मारला गेला, डिसेंबरात कित्तूर पडले आणि राणी चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. तिथेच 1829 मध्ये त्यांचा अंत झाला. नरगुंदचीही हीच कथा. भास्करराव भावे यांना दत्तक नाकारला गेला आणि 1858 मध्ये त्यांनी बंड केले. आजच्या रामदुर्ग तालुक्यातील सुरेबान येथे त्यांनी ज्या मॅन्सनला मारले, तो त्या वेळी पोलिटिकल एजंट असला, तरी त्याआधी इनाम कमिशनमध्ये लोकांची वतने तपासत होता. भास्कररावांना बेळगावात फाशी दिले आणि नरगुंद खालसा झाले. संस्थानी मुलूख खालसा व्हायला किती वेळ लागे, याचे हे उत्तर.

संस्थानिक नावापुरतेच होते, असेही म्हणता येणार नाही. छत्रपती शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. शेजारच्या खालसा मुलखात तशी तरतूद तेव्हा नव्हती. परंतु राजा चांगला निघणे हा रयतेच्या नशिबाचा भाग होता, हक्काचा नव्हे. राजा जुलमी निघाला, तर एजंट सहसा हात झटकत असे, कारण तक्रार दरबाराविरुद्ध होती आणि दरबार इंग्रजांशी एकनिष्ठ होता. 1939 च्या एप्रिलमध्ये रामदुर्गात रयतेचा संताप उसळला आणि जमावाच्या हातून पोलीस मारले गेले, तेव्हाही लोकांचा राग राजवाड्याच्या दिशेने गेला. ज्या साम्राज्याच्या आधाराने तो वाडा उभा होता, ते बाजूलाच राहिले. आडून राज्य करण्याचा इंग्रजांना झालेला सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

राजकीय हक्कांत हा फरक अधिकच उघडा पडतो. 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात, म्हणजे खालसा मुलखात भरले. संस्थानांच्या अंतर्गत कारभारात न पडण्याचे काँग्रेसचे धोरण तेव्हा होते. संस्थानी रयतेला आपली चळवळ प्रजा परिषदांमधून स्वतंत्रपणे उभारावी लागली. 1937 मध्ये मुंबई विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा बेळगावात मर्यादित का होईना मतदान झाले. शहापूरला त्यात स्थान नव्हते. सांगली आणि रामदुर्ग 1948 मध्ये, तर कोल्हापूर 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बेळगाव, शहापूर, रायबाग आणि रामदुर्ग येथील मतदारांनी एकाच विधानसभेसाठी मत दिले.