बॅरी बॉन्ड्स

बॅरी लामार बॉन्ड्स (जन्म : २४ जुलै १९६४, रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया) हा अमेरिकेचा निवृत्त बेसबॉलपटू. मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगमधील कारकिर्दीत सर्वाधिक ७६२ होमरन (चेंडू सीमेबाहेर फटकावून एकाच फटक्यात सगळे बेस पूर्ण करणे) आणि एकाच हंगामात सर्वाधिक ७३ होमरन (२००१) हे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर आहेत. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे या विक्रमांबद्दल आजही वाद आहे.

वडील बॉबी बॉन्ड्स मेजर लीगमध्येच खेळत. डावखुरा बॅरी १९८६ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून उतरला आणि १९९३ पासून अखेरच्या २००७ च्या हंगामापर्यंत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळला. १९९८ अखेर त्याच्या नावावर ४११ होमरन, ४४५ चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले पुढचे बेस), तीन ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ पुरस्कार आणि क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह होते. हे आकडे ध्यानात ठेवायला हवेत, कारण त्याच्यावरचे आरोप मुख्यतः यानंतरच्या काळाचे आहेत. १९९८ मध्येच मार्क मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ होमरन मारले आणि देशाचे सगळे लक्ष त्या दोघांकडे गेले. २००० ते २००७ या आठ हंगामांत, म्हणजे बहुतेक खेळाडू ज्या वयात उतरणीला लागतात त्या वयात, बॉन्ड्सने आणखी ३१७ होमरन मारले. ७ ऑगस्ट २००७ रोजी ७५६ वा होमरन मारून त्याने हँक आरनचा ७५५ चा विक्रम मोडला.

त्याची खरी दहशत होमरनपेक्षा ‘वॉक’च्या आकड्यांत दिसते. स्ट्राइक क्षेत्राबाहेरचे चार चेंडू न मारता सोडले की बॅटरला पहिला बेस मिळतो. धोकादायक बॅटरला टाळण्यासाठी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, मुद्दामही असे चेंडू टाकतो. २०१७ पूर्वी ते चारही चेंडू प्रत्यक्ष टाकावे लागत. बॉन्ड्सला एकूण २,५५८ वॉक मिळाले, त्यांपैकी ६८८ हेतुपुरस्सर. या दुसऱ्या यादीत त्याच्यामागे असलेल्या अल्बर्ट पुहोल्सचा आकडा ३१६ आहे. २००४ मध्ये बॉन्ड्स ६१७ वेळा बॅटिंगला आला आणि त्यांतल्या २३२ वेळा वॉकवर गेला; बेस गाठण्याचे त्याचे प्रमाण .६०९ (सुमारे ६१ टक्के) होते. २८ मे १९९८ रोजी ॲरिझोना डायमंडबॅक्सने तर नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर धावणारे खेळाडू असताना, ८-६ अशी आघाडी असताना, त्याला मुद्दाम वॉक दिला. त्यामुळे सगळे एकेक बेस पुढे सरकून एक धाव फुकट गेली, पण पुढचा बॅटर बाद झाला आणि सामना ८-७ असा जिंकला. हा हिशेब बॉन्ड्सच्या आरोपित काळाआधीचा आहे.

वादाचे मूळ बाल्को ही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेमची प्रयोगशाळा. सप्टेंबर २००३ मध्ये तिच्यावर छापा पडला. तिची दोन उत्पादने गाजली. जिभेखाली घ्यायच्या ‘द क्लिअर’मध्ये टीएचजी हे नव्याने घडवलेले स्टेरॉइड होते. चाचणीत माहीत असलेलेच रेणू शोधले जात, शिवाय नमुना तपासणीसाठी तयार करताना टीएचजी विघटित होई. त्यामुळे ते सापडत नसे. २००३ मध्ये त्याचे अवशेष असलेली सिरिंज उत्तेजकविरोधी यंत्रणेकडे पोचली, तेव्हाच चाचणी तयार होऊ शकली. अंगाला चोळायच्या ‘द क्रीम’मध्ये टेस्टोस्टेरॉन या स्नायू वाढवणाऱ्या संप्रेरकासोबत, शरीरातच आढळणारे पण ताकद न वाढवणारे एपिटेस्टोस्टेरॉनही मिसळलेले असे. चाचणीत या दोहोंचे गुणोत्तर पाहिले जाई आणि तेव्हाची मर्यादा ६:१ होती. दोन्ही एकदम वाढले की गुणोत्तर बिघडत नसे.

डिसेंबर २००३ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) बॉन्ड्सने सांगितले की, बाल्कोशी संबंध असलेला आपला प्रशिक्षक ग्रेग अँडरसन याने दिलेले पदार्थ आपण जवसाचे तेल आणि सांधेदुखीचे मलम समजून वापरले. २००७ मध्ये त्याच्यावर खोट्या साक्षीचा आणि न्यायदानात अडथळा आणल्याचा आरोप ठेवण्यात आला. अँडरसनने तुरुंगवास पत्करला पण साक्ष दिली नाही. पुराव्याची ही कडीच निसटली. एप्रिल २०११ मध्ये खोट्या साक्षीच्या तिन्ही आरोपांवर ज्युरीचे एकमत झाले नाही. एका प्रश्नाला विषय सोडून उत्तर दिले म्हणून केवळ अडथळ्याचा आरोप सिद्ध झाला. शिक्षा होती ३० दिवसांची घरकैद आणि दोन वर्षांचे परिवीक्षण. एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तीही दोषसिद्धी रद्द केली.

सर्व दोष एका खेळाडूवर टाकणे बरोबर नाही. स्टेरॉइडवर बंदी असल्याचे लीगच्या आयुक्तांनी १९९१ मध्येच कळवले होते, पण मेजर लीगच्या खेळाडूंची चाचणी २००३ पर्यंत सुरू झाली नाही आणि शिक्षा २००४ पासून लागू झाल्या. ७३ होमरनच्या हंगामात लीगकडे तपासण्याची व्यवस्थाच नव्हती. म्हणूनच विक्रमपुस्तकात त्याच्या आकड्यांपुढे ते वादग्रस्त असल्याची कोणतीही खूण नाही. ७५६ व्या होमरनचा चेंडू मात्र एका फॅशन उद्योजकाने ७,५२,४६७ डॉलरना घेतला, ऑनलाइन मतदान घेऊन त्यावर तसे तारांकन कोरले आणि तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला (बेसबॉलमधील महान खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या संग्रहालयाला) दिला.

हॉल ऑफ फेममध्ये निवड होण्यासाठी क्रीडापत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. बॉन्ड्सला २०१३ मध्ये ३६.२ टक्के आणि दहाव्या, अखेरच्या संधीत २०२२ मध्ये ६६ टक्के मिळाली. त्यानंतर डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२५ मध्ये १६ सदस्यांच्या समितीनेही त्याला निवडले नाही. दुसऱ्या वेळी पाचपेक्षा कमी मते पडल्याने, नव्या नियमानुसार २०३१ पूर्वी त्याचे नाव पुन्हा विचारात घेता येणार नाही.