मूळव्याध : घरगुती उपचार

मूळव्याध (अर्श) हा गुदद्वाराच्या आत आणि तोंडाशी असणाऱ्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्यांचा विकार आहे. या गाद्या प्रत्येकालाच असतात आणि वारा व पातळ मल रोखून धरायला मदत करतात. वारंवार कुंथल्याने त्या फुगतात, आधार सैल पडून खाली घसरतात, तेव्हा मोड किंवा कोंब आले असे म्हणतात. बद्धकोष्ठ, शौचाला तासन्‌तास बसणे, लांबलेले जुलाब आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने ही नेहमीची कारणे होत.

आतल्या मोडातून लालभडक रक्त पडते, पण सहसा दुखत नाही. पहिल्या अवस्थेत मोड आतच राहतो, दुसऱ्या अवस्थेत शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसऱ्या अवस्थेत बोटाने आत सारावा लागतो आणि चौथ्या अवस्थेत बाहेरच राहतो. घरगुती उपायांचा खरा गुण पहिल्या दोन अवस्थांत येतो. शौच करताना चिरल्यासारखी आग होत असेल, तर तो बहुधा फिशर (गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर) असतो. लोक त्यालाही मूळव्याधच समजतात.

उपचाराचा कणा म्हणजे मल मऊ करणे. मलम, फक्की, लेप हे सगळे त्यानंतर. मल कडक राहिला तर मलमाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा रक्त पडते. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) पोटात जावेत : ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाज्या, पेरू. एवढ्याने भागत नसेल तर इसबगोल घ्यावा. रात्री एक चहाचा चमचा पेलाभर (२५० मिली) पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी प्यावे. पोट फुगते म्हणून मात्रा आठवडाभरात हळूहळू वाढवून दोन चमच्यांपर्यंत न्यावी. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पाणी कमी पडले तर इसबगोल आतच घट्ट होऊन उलट खडा धरतो. ‘इसबगोल लागू पडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी तो घेऊ नये, आणि इतर औषधे दोन तासांच्या अंतराने घ्यावीत. सोनामुखीची रेचक चूर्णे रोजची सवय म्हणून घेऊ नयेत.

शौचाला पाच मिनिटांहून जास्त बसू नये आणि मोबाइल बाहेर ठेवावा. कमोडवर पायांखाली छोटे स्टूल घेतले की कुंथावे लागत नाही. कळ आली की टाळू नये.

दुखत असेल तर टबात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा १० ते १५ मिनिटे बसावे. पाण्यात मीठ किंवा जंतुनाशक घालायची गरज नाही. जंतुनाशकाने उलट आग होते. नंतर मऊ कापडाने टिपावे, घासू नये. स्टेरॉइड असलेले मलम सलग आठवड्याहून जास्त लावले तर त्वचा पातळ होते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. तिखटाने मूळव्याध होत नाही, पण आग वाढते. सुरण औषधी मानला जातो. नीट शिजवलेला सुरण तंतूंसाठी चांगला, मात्र चिंच किंवा कोकम घालूनच करावा, नाहीतर घसा खाजतो.

गुदाशी अचानक निळसर, टणक, ठणकणारी गाठ आली तर ती घरी सुईने फोडू नये. आत रक्त गोठलेले असते; पहिल्या ७२ तासांत दाखवल्यास डॉक्टर भूल देऊन ती काढू शकतात. काळा मल, चक्कर, ताप, घटणारे वजन, शौचाच्या सवयीत बदल, आत न जाणारा दुखरा मोड किंवा आठवडाभरात न थांबणारे रक्त दिसले तर घरी थांबू नये. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडले तर मूळव्याध गृहीत न धरता आतड्याची तपासणी करून घ्यावी, कारण आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त पडते. ‘विनाऑपरेशन, एका इंजेक्शनात बरे’ अशी पाटी लावणाऱ्या अप्रशिक्षित माणसाकडे जाऊ नये. दाहक द्रव्य टोचल्याने गुदद्वार सडते किंवा आक्रसते. आतले मोड घरच्या उपायांनी आटोक्यात आले नाहीत, तर शल्यचिकित्सक त्यांच्या बुडाशी रबराचे कडे बसवतात. मोड काही दिवसांत वाळून गळतो आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.