मुळांवरच्या गाठी म्हणजे रोग? अजिबात नाही!

सोयाबीन, हरभरा उपटला की मुळांवर गाठी दिसतात आणि कोणीतरी लगेच म्हणतं रोग लागला, वर्षानुवर्षं हेच फिरतंय पण ते साफ चुकीचं आहे. उलट मूळच फ्लेवोनॉईड नावाची रसायनं सोडून मातीतल्या रायझोबियम या बॅक्टेरियाला बोलावतं, बॅक्टेरिया परत सिग्नल देतात, मग मुळावरचा बारीक केस वाकून त्यांना कवेत घेतो, आत एक नळी तयार होते आणि तिच्यातून ते थेट आतल्या पेशींपर्यंत पोचतात. किती भारी आहे हे! तिथे ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून पिकाला देतात, बदल्यात पिकाकडून अन्न घेतात. या गाठींमुळे पिकाला हवेतला नायट्रोजन मिळतो हे १८८८ मध्येच सिद्ध झालंय. गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी-लाल असेल तर काम जोरात चालू. सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या बारीक जंताची) गाठ वेगळी, तिच्यात मूळच सुजतं, ती अलगद सुटून येत नाही.